गिनीपिगच्या पैदाशीतली नीती : सुधारणा कुठे अडते?

मराठीत ‘गिनीपिग’ हा शब्द आपण बहुतेक वेळा माणसांविषयीच वापरतो. नवा अभ्यासक्रम घाईने लादला गेला की ‘विद्यार्थ्यांचे गिनीपिग केले’ अशी तक्रार होते. औषधांच्या चाचण्यांत काही गैर घडले की ‘गरिबांचे गिनीपिग’ हा मथळा ठरलेला. ज्या प्राण्यावरून हे रूपक आले तो मात्र आपल्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष पाहिलेलाही नसतो. तो गिनी देशातला नाही आणि डुकराच्या कुळातलाही नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीत काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवला गेलेला, बिनशेपटीचा, गवतावर जगणारा असा हा कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातला जीव. त्या मुलखात तो आजही खाण्यासाठी पाळला जातो. सोळाव्या शतकात तो जहाजांतून युरोपात पोचला आणि तिथे त्याच्या वाट्याला दोन निराळी आयुष्ये आली : एक प्रयोगशाळेतले आणि दुसरे हौशी माणसाच्या पिंजऱ्यातले.

रूपकाच्या प्रभावामुळे आपले लक्ष फक्त पहिल्या आयुष्याकडे जाते. गिनीपिग आणि नीती असे शब्द एकत्र आले की प्रयोगाचे टेबल डोळ्यांपुढे उभे राहते. या लेखाचा विषय त्याच्या आधीच्या पायरीचा आहे. हे जनावर जन्माला कसे घातले जाते, कोणत्या जनावराची जोडी कोणाशी लावायची हे कोण ठरवते, आणि त्या ठरवण्यातून जे दुःख उपजते त्याचा हिशेब कोण ठेवते, हे ते प्रश्न. त्यातही मी मुख्यतः हौशी पैदाशीविषयी, म्हणजे प्रदर्शनांसाठी आणि घरात पाळण्यासाठी होणाऱ्या पैदाशीविषयी लिहिणार आहे. ब्रिटन, अमेरिका आणि युरोपातील काही देश येथे तिची परंपरा जुनी आहे आणि सुधारणेचे प्रयत्नही तिथेच झाले आहेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ही सुधारणा अडते त्याचे कारण पैदासकारांच्या क्रौर्यात शोधले तर सापडत नाही, आणि अज्ञानात शोधले तरीही सापडत नाही. ‘उत्तम गिनीपिग’ कोणता हे ठरवण्याची जी रीत गेल्या शे-सव्वाशे वर्षांत रूढ झाली, तिच्यात जनावराच्या पुढच्या आयुष्याला जागाच ठेवलेली नाही. जोवर ती जागा निर्माण होत नाही तोवर सदिच्छा, आंदोलने आणि कायदे हे तिन्ही उपाय थोडेथोडे अपुरे पडत राहणार.

प्रमाण, परीक्षक आणि वय

कुत्री, कबुतरे, ससे यांच्याप्रमाणेच गिनीपिगच्या हौसेलाही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये संघटित रूप आले. मंडळे स्थापन झाली, प्रदर्शने भरू लागली आणि प्रत्येक जातीचे एक लेखी प्रमाण तयार झाले. आज अमेरिकेत सशांची आणि गिनीपिगची प्रदर्शने जिच्या नियमांनी चालतात ती ‘अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशन’ गिनीपिगच्या १३ जाती मानते. अ‍ॅबिसिनियन, पेरुव्हियन, सिल्की, कोरोनेट, टेडी, टेक्सेल अशी त्यांची नावे आहेत. त्यांतल्या काहींचा ‘सॅटिन’ अवतार ही स्वतंत्र जात धरली जाते. नावांवरून देशाचा तर्क करू नये. अ‍ॅबिसिनियनचा इथिओपियाशी काही संबंध नाही. अंगावरच्या केसांचे भोवरे ही त्याची ओळख.

प्रमाण म्हणजे गुणपत्रक. शंभर गुणांची वाटणी असते : डोक्याची ठेवण, शरीराची घडण, केसांचा पोत, रंगाची शुद्धता, भोवऱ्यांची संख्या आणि त्यांची मांडणी, एकंदर प्रकृती. परीक्षक जनावर टेबलावर घेतो, हाताखालून फिरवतो, केस उलटे करून पाहतो, कान, डोळे, दात तपासतो आणि काही मिनिटांत निकाल देतो. उघड आजारी, उवा झालेले किंवा जखमी जनावर बाद होते. म्हणजे आरोग्याचा विचार होतच नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मात्र तो विचार होतो तो त्या दिवसापुरता.

त्यातही वयाची गंमत पाहण्यासारखी आहे. अमेरिकी पद्धतीत चार महिन्यांपर्यंतचे जनावर कनिष्ठ, चार ते सहा महिन्यांचे मधले आणि सहा महिन्यांच्या पुढचे ज्येष्ठ गणले जाते. ब्रिटनमध्ये आठ महिन्यांनंतर ‘प्रौढ’ हा वर्ग सुरू होतो. नीट सांभाळलेला गिनीपिग पाच ते आठ वर्षे जगतो. सहा महिन्यांनंतर सगळेच ‘ज्येष्ठ’ असल्यावर एक वर्षाचे जनावर आणि पाच वर्षांचे जनावर यांत प्रमाणाच्या दृष्टीने फरक उरत नाही. आणि केस, बांधा, तजेला यांवर गुण असल्यामुळे व्यवहारात टेबलावर येते ते तरुण जनावर. सव्वा वर्षाने त्याचे काय झाले, हे विचारणारा रकाना त्या गुणपत्रकात नाही.

दुःख कुठे आहे

हे सारे अमूर्त वाटू नये म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली, डाल्मेशियन आणि रोन या रंगरूपांची. पांढऱ्या अंगावर गडद ठिपके म्हणजे डाल्मेशियन. गडद आणि पांढरे केस एकमेकांत मिसळलेले म्हणजे रोन. दोन्ही देखणी आणि दोन्हीच्या मुळाशी एकच जनुकीय घटक. त्याची एक प्रत असली तर जनावर सुंदर आणि निरोगी असते. अशा दोन जनावरांची जोडी लावली तर सरासरी चारांतल्या एका पिलाला दोन प्रती मिळतात. ते पिल्लू पांढरेशुभ्र जन्मते. डोळे नसतात किंवा अगदी खुरटलेले असतात, बहुधा ऐकू येत नाही, दातांची रचना बिघडलेली असते. पुष्कळ पिले लवकर मरतात. इंग्रजीत त्यांचे नावच ‘घातक पांढरे’ अशा अर्थाचे आहे. जाणता पैदासकार रोनला रोन लावत नाही, हे खरे. अडचण अशी की एखाद्या रोन जनावराच्या अंगावर पांढरे केस इतके थोडे असतात की ते एकरंगी वाटते. विकत घेणाऱ्या कुटुंबाने एक डाल्मेशियन आणि एक ‘साधे’ अशी जोडी घरी आणली, तर त्या घरात काय जन्माला येईल हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

दुसरी गोष्ट सॅटिनची. या जनावराच्या केसाला आतून येणारी अशी एक चकाकी असते. हा गुण अप्रभावी जनुकाचा, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा. सॅटिन जनावरांमध्ये हाडांचा एक विकार विशेष आढळतो हे पशुवैद्यांनी नोंदवलेले आहे. हाडांतले कॅल्शियम निघून जाते, त्यांची घनता घटते, जबडा दुखतो, चावणे अवघड होते, चालताना जनावर उड्या मारल्यासारखे पाय टाकू लागते. सगळ्याच सॅटिनना हा त्रास होतो असे नाही आणि तीव्रताही सारखी नसते. ज्यांना होतो त्यांना तो बहुधा प्रदर्शनाची उमेद संपल्यावर होतो. चकाकीचे गुण टेबलावर मिळून गेलेले असतात. जबड्याचे दुखणे घरी, पिंजऱ्यात, नंतर येते.

तिसरी गोष्ट लांब केसांची. पेरुव्हियनचे केस महिन्याला साधारण इंचभर वाढतात. प्रदर्शनासाठी ते कापले जात नाहीत. कागदाच्या किंवा कापडाच्या घड्यांत गुंडाळून बांधून ठेवतात आणि रोज विंचरतात. सोबतचे जनावर हे केस कुरतडून टाकते, म्हणून प्रदर्शनाच्या काळात त्याला एकटे ठेवण्याची प्रथा आहे. गिनीपिग हा कळपात राहणारा, सतत आवाज करून एकमेकांची चाहूल घेणारा प्राणी आहे. जे बक्षीसपात्र रूप, त्याची किंमत एकांतवासाने मोजली जाते.

चौथी गोष्ट मादीच्या शरीराची. गिनीपिगची पिले पोटात सुमारे ६८ दिवस वाढतात आणि अंगभर केस, उघडे डोळे, दात अशी पुरती तयार होऊनच बाहेर येतात. एवढे मोठे पिल्लू बाहेर यायचे तर जघनास्थीचा सांधा सैल व्हावा लागतो. पहिले वेत साधारण सहा-सात महिन्यांच्या आत झाले नाही तर तो सांधा आवळत जातो आणि बाळंतपण जिवावर बेतू शकते, असे पशुवैद्यकाची पुस्तके बजावतात. म्हणजे उत्तम मादी आधी ‘ज्येष्ठ’ गटात बक्षिसे मिळवेल आणि मग तिची वीण घेऊ, असा हिशेब करणारा पैदासकार तिला धोक्यात घालतो. आणि फार लवकर गाभण राहू दिली तर तिची स्वतःची वाढ अपुरी असते. भरीला, वेत झाल्यावर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येते. नर वेळीच बाजूला काढला नाही, तर पोटातल्या आणि अंगावर पिणाऱ्या अशा दोन पिढ्या तिला एकाच वेळी पोसाव्या लागतात.

या चारांपैकी एकही गोष्ट परीक्षकाला टेबलावर दिसत नाही.

ज्ञान होतेच

सुधारणेच्या चर्चेत एक वाक्य हमखास येते : ‘लोकांना माहिती दिली पाहिजे.’ माहिती द्यायलाच हवी. पण माहितीच्या अभावामुळे सारे अडले आहे, हे मला पटत नाही. अंतःप्रजननाचे, म्हणजे जवळच्या रक्ताच्या नात्यात जोड्या लावण्याचे दुष्परिणाम शास्त्रीय काटेकोरपणे प्रथम ज्या मोजक्या प्राण्यांत मोजले गेले, त्यांत गिनीपिग अग्रस्थानी आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९०६ मध्ये गिनीपिगच्या अनेक कुळांत पिढ्यान् पिढ्या सख्ख्या भावंडांच्या जोड्या लावण्याचा प्रयोग सुरू केला. १९१५ मध्ये तिथे रुजू झालेले सिवॉल राइट यांनी त्या ढिगाऱ्याएवढ्या नोंदींचा अभ्यास केला आणि १९२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेक कुळांत पिलांची संख्या, वजन, जगण्याचे प्रमाण, रोगाला तोंड देण्याची ताकद हे सारे घसरले होते. कोणते कूळ कोणत्या बाबतीत घसरले हे मात्र निरनिराळे होते. दोन कुळांचा संकर केला की गेलेला जोम पुष्कळसा परत येत होता. अंतःप्रजननाचे प्रमाण अंकांत मांडणारा गुणांक राइट यांनी त्याच वर्षी मांडला. आजही जगभरचे पशुपैदास-शास्त्र तो वापरते.

राइट पुढे लोकसंख्या-जनुकशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक ठरले. ज्या प्राण्याच्या पाठीवर हे ज्ञान उभे राहिले, त्याच प्राण्याच्या हौशी पैदाशीत शंभर वर्षांनंतरही ‘लाइन धरून ठेवणे’, म्हणजे बक्षीस मिळवणाऱ्या नराला त्याच्याच मुलीशी किंवा नातीशी जोडणे, ही सन्माननीय रीत राहिली. ज्ञान ग्रंथालयात होते आणि गुणपत्रक टेबलावर होते. राइट यांच्या नोंदींत मेलेली पिले मोजलेली होती, हा या दोन व्यवहारांतला महत्त्वाचा फरक आहे.

मग अडते कुठे?

पहिला अडथळा खुद्द जनावराचा स्वभाव. गिनीपिग हे भक्ष्य आहे. भक्ष्याने दुबळेपणा दाखवला की शिकारी त्यालाच निवडतो. म्हणून दुखणे लपवण्याची सवय त्याच्या हाडीमासी भिनलेली आहे. कुत्रा लंगडतो, विव्हळतो, मालकाच्या पायाशी येऊन बसतो. गिनीपिग कोपऱ्यात गप्प बसतो आणि खाणे थोडे कमी करतो. मालकाच्या लक्षात येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. ज्याचे दुःख ऐकू येत नाही त्याच्यासाठी नियम बदलावा असे फार थोड्यांना वाटते.

दुसरा अडथळा संस्थेच्या रचनेचा. प्रमाण लिहिणारी समिती, त्याप्रमाणे पैदास करणारा सभासद, परीक्षक आणि बक्षीस मिळवणारा हे सगळे एकाच मंडळातले असतात. बऱ्याचदा तीच माणसे आळीपाळीने या भूमिका करतात. ही मंडळे बिनपगारी माणसांच्या सुट्टीच्या वेळेवर चालतात. सभासदांची वर्गणी हाच त्यांचा श्वास. उद्या समितीने ठरवले की सॅटिनला बक्षीस नाही, तर ज्याने पंधरा वर्षे सॅटिनची निगा राखली तो सभासद काय करील? तो मंडळ सोडेल, चार सोबती घेऊन वेगळे मंडळ काढील. समितीला हे ठाऊक असते. त्यामुळे ठराव पुढच्या बैठकीवर जातो.

तिसरा अडथळा पैशाचा आणि तो लाजिरवाणा आहे. गिनीपिग स्वस्त असतो. सॅटिनच्या हाडांची क्ष-किरण तपासणी करायची तर जनावराच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो. कुत्र्याच्या खुब्याची किंवा डोळ्यांची तपासणी करून घेतलेले प्रमाणपत्र विक्रीची किंमत वाढवते. गिनीपिगच्या बाबतीत असे प्रमाणपत्र मागणारा गिऱ्हाईकच नाही. नीती पाळणाऱ्याने खर्च सोसायचा आणि न पाळणाऱ्याने त्याच भावाने विकायचे, अशी ही बाजारपेठ आहे.

आणि चौथी गोष्ट, जिला अडथळा म्हणावे की युक्तिवाद हे वाचकाने ठरवावे. पैदासकारांचे स्वतःचे म्हणणे असे असते : आम्ही या प्राण्यांवर इतरांपेक्षा अधिक प्रेम करतो. पहाटे उठून गवत बदलणारे, आईवेगळ्या पिलाला थेंबाथेंबाने दूध पाजणारे आम्हीच. तुम्ही आम्हाला बंदी घातलीत तर पैदास थांबणार नाही. ती दुकानांना घाऊक माल पुरवणाऱ्यांच्या हाती जाईल, जिथे ना वंशावळ ना नोंद. शिवाय सॅटिनचे जनुक साध्या दिसणाऱ्या जनावरांत दडून राहते. जाणकाराच्या हातून ते निसटले तर ते कुठे आहे हेही कोणाला कळणार नाही.

या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते फेटाळून लावणारे सुधारक स्वतःचेच नुकसान करतात. घाऊक पैदास ही हौशी पैदाशीहून वाईट असते यात मला शंका नाही. पण या युक्तिवादाची झेप कुठवर जाते तेही पाहावे. ‘दुसरा अधिक वाईट आहे’ यावरून ‘मी करतो ते योग्य’ असे सिद्ध होत नाही. आणि प्रेमाविषयी बोलायचे तर, पैदासकाराच्या प्रेमाचा पुरावा आणि त्याच्या हातून होणारी इजा ही एकाच कृतीतून निघतात, ही तर या विषयातली खरी गुंतागुंत आहे. पेरुव्हियनचे केस रोज तासभर विंचरणारा हात प्रेमळ असतो. त्याच केसांपायी ते जनावर एकटे असते.

बाहेरून आलेला दबाव

आतून होत नाही तर बाहेरून दबाव आणावा, असे कोणीही म्हणेल. तसा एक प्रयत्न गिनीपिगच्याच पैदाशीबाबत इंग्लंडमध्ये झाला. स्टॅफर्डशरमधल्या न्यूचर्च या गावी डार्ली ओक्स नावाचे शेत होते. प्रयोगशाळांना लागणारे गिनीपिग तिथे पैदा केले जात. १९९९ पासून त्या कुटुंबाविरुद्ध मोहीम चालली. निदर्शनांवर ती थांबली नाही. धमक्या आल्या, नासधूस झाली, शेताशी दूरचा संबंध असलेल्यांनाही छळण्यात आले. ऑक्टोबर २००४ मध्ये त्या कुटुंबातल्या एका दिवंगत वृद्धेचे अवशेष थडग्यातून चोरून नेण्यात आले. ऑगस्ट २००५ मध्ये कुटुंबाने ही पैदास बंद करण्याचे जाहीर केले. २००६ मध्ये चौघांना तुरुंगवास झाला आणि अवशेषही सापडले.

मोहीम जिंकली असे म्हणायचे का? एक शेत बंद झाले. प्रयोगांतला गिनीपिगचा वापर त्याने थांबला नाही, आणि उरलेल्या ठिकाणच्या पैदाशीचा दर्जा एका रेषेनेही वर गेला नाही. उलट ‘गिनीपिगच्या पैदाशीतील नीती’ हे शब्द उच्चारणारा माणूस थडगे उकरणाऱ्यांच्या पंगतीत बसवला जाण्याची सोय झाली. मंडळाच्या सभेत उभे राहून सॅटिनविषयी शांतपणे प्रश्न विचारू पाहणाऱ्या सभासदाला असल्या मोहिमांनी मदत होत नाही. त्याच्या विरोधकांना होते.

यात एक उपरोधही आहे. ज्या पैदाशीविरुद्ध एवढा उद्रेक झाला ती कायद्याच्या नजरेखाली होती. ब्रिटनमध्ये प्रयोगांसाठीच्या गिनीपिगची पैदास १९८६ च्या कायद्यानुसार परवान्याखाली आणि तपासणीखाली आली. अमेरिकेत १९६६ च्या मूळ कायद्यातच प्रयोगांसाठीच्या प्राण्यांत कुत्री, मांजरे, ससे यांच्याबरोबर गिनीपिगचे नाव होते. मुलाच्या खोलीतल्या पिंजऱ्यासाठी जन्मणाऱ्या गिनीपिगला एवढेही संरक्षण नाही. इंग्लंडच्या २०१८ च्या नियमांत व्यवसाय म्हणून पाळीव प्राणी विकण्यासाठी परवाना लागतो, परंतु पैदाशीचे म्हणून जे स्वतंत्र प्रकरण आहे ते कुत्र्यांचे.

कुत्र्यांचे उदाहरण मुद्दाम पाहण्यासारखे आहे, कारण तिथे सुधारणा थोडी तरी हलली. २००८ मध्ये बीबीसीने शुद्ध वंशाच्या कुत्र्यांच्या आनुवंशिक दुखण्यांवर एक माहितीपट दाखवला. वादळ उठले. दुसऱ्या वर्षी बीबीसीने ‘क्रफ्ट्स’ या विख्यात प्रदर्शनाचे प्रक्षेपण थांबवले, आणि ब्रिटिश केनेल क्लबने २००९ मध्ये जातींची प्रमाणे पुन्हा तपासली व आई-मुलगा, बाप-मुलगी, सख्खी भावंडे अशा जोड्यांच्या पिलांची नोंदणी बंद केली. हे घडले कारण क्लबकडे नोंदवही होती आणि ती नाकारण्याची ताकद होती. चपट्या नाकाच्या कुत्र्याचा श्वास ऐकला की दर्शकाला स्वतःला धाप लागते. गिनीपिगच्या मंडळांकडे अशी सर्वसमावेशक नोंदवही नाही, आणि जबड्याचे दुखणे छायाचित्रात उतरत नाही.

कायदा काय करू शकतो

जर्मनीच्या प्राणिरक्षण कायद्यात १९८६ पासून एक कलम आहे. पैदाशीमुळे संततीत शरीराचे भाग नसणे, विकृत असणे आणि त्यातून वेदना किंवा इजा होणे अपेक्षित असेल, तर अशी पैदास करू नये असे ते सांगते. या प्रकाराला जर्मन भाषेत ‘यातना-पैदास’ अशा अर्थाचा शब्दच रूढ आहे. ऑस्ट्रियाच्या २००५ च्या कायद्यातही तशी मनाई आहे. तत्त्व निर्दोष आहे. अंमलबजावणीत मात्र ‘अपेक्षित असणे’ कोणी आणि कशावरून सिद्ध करायचे हा प्रश्न उरतो. त्यासाठी किती जनावरे आजारी पडली याची नोंद लागते, आणि ती नोंद ज्याच्या पिंजऱ्यात आहे त्याच्याविरुद्धच ती वापरायची असते.

स्वित्झर्लंडने वेगळी वाट धरली. १ सप्टेंबर २००८ पासून अमलात आलेल्या तिथल्या नियमांप्रमाणे गिनीपिगसारख्या सामाजिक प्राण्याला एकटे ठेवता येत नाही. जगभर या नियमाची थट्टा झाली. मला मात्र तो फार शहाणपणाचा वाटतो. त्याने पैदासकाराच्या हेतूची चौकशी केली नाही, वेदना सिद्ध करायला सांगितली नाही. पिंजऱ्यात किती जनावरे आहेत हे मोजता येते, तेवढेच मागितले. आणि एवढ्या साध्या मागणीने प्रदर्शनासाठी केस राखण्याच्या एकांतवासाचा पाया काढून घेतला. मोजता येईल असे काहीतरी मागणे, हा त्यातला धडा आहे.

आपल्या देशातही हीच विसंगती थोड्या फरकाने आहे. प्रयोगांसाठीच्या प्राण्यांची पैदास १९९८ च्या नियमांखाली येते आणि नोंदणी लागते. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ चे वेगळे नियम आहेत. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत आणि गिनीपिग त्यांत नावानिशी येतो. दुकानात तो कसा ठेवावा हे सांगितलेले आहे. दुकानात येण्याआधी त्याची आई किती वेळा व्याली हे विचारलेले नाही. मुंबई-पुण्याच्या दुकानांत लांब केसांची, भोवऱ्यांची जनावरे आता दिसू लागली आहेत. आपल्याकडे प्रदर्शनांची आणि प्रमाणांची शंभर वर्षांची सवय अजून जडलेली नाही. तेव्हा परदेशातली गुणपत्रके जशीच्या तशी उचलण्याआधी विचार करायला आपल्याला वाव आहे.

काय बदलता येईल

मी बंदीचा पुरस्कर्ता नाही, आणि मंडळे मोडावीत असेही मला वाटत नाही. ज्यांच्या हाती जनावरे आहेत त्यांच्याशिवाय ही सुधारणा होणार नाही. पण त्यांच्याकडे सदिच्छेपेक्षा अधिक नेमके काही मागायला हवे.

प्रदर्शनात तीन वर्षांवरील जनावरांचा वेगळा वर्ग असावा आणि पैदासकाराच्या नावाला सर्वांत मोठा मान त्या वर्गातून मिळावा. ज्याच्या घरची जनावरे म्हातारी होऊनही धडधाकट आहेत, तो उत्तम पैदासकार, असे एकदा ठरले की जोड्या लावताना त्याची नजर आपोआप पुढच्या वर्षांकडे जाईल. ब्रिटनमधल्या प्रदर्शनांत घरगुती पाळीव गिनीपिगसाठी निराळा विभाग असतो आणि तिथे जातीपेक्षा निगा व प्रकृती पाहतात. म्हणजे कल्पना अगदीच परकी नाही. लांब केसांच्या जातींना कापलेल्या केसांनिशी भाग घेता यावा. सॅटिनला वेगळी जात म्हणून मिळणारे बक्षीस बंद करावे. पाळण्यावर बंदी न घालताही तिची पैदास करण्याचे मुख्य कारण त्याने निघून जाईल. रोन आणि डाल्मेशियन विकताना जनुकाची लेखी सूचना गिऱ्हाइकाच्या हाती पडावी.

आणि सर्वांत आधी नोंदवही. प्रत्येक वेताची, जगलेल्या आणि न जगलेल्या पिलांची, आई दगावली असल्यास तिची, आणि विकलेली जनावरे किती वर्षांनी कशाने गेली याची. मंडळाने ती मागावी, नावे झाकून एकत्र करावी आणि दरवर्षी छापावी. पहिल्या वर्षी अनेक जण ती देणार नाहीत, काही खोटी देतील. तरीही हरकत नाही. सॅटिनवर बोलायला उभ्या राहणाऱ्या त्या सभासदाच्या हातात निदान एक कागद असेल, आणि त्यावर ठराव पुढच्या बैठकीवर ढकलताना समितीला तो आधी वाचावा लागेल.